प्रतिकृतीचें इमान

जिच्यांत बसतां येत नाहीं, जिला पेट्रोल लागत नाहीं आणि जी कोणालाहि कोठेंहि पोंचवीत नाहीं, अशी एक वीतभर लांबीची मोटारगाडी तयार करण्यांत आम्हीं गेल्या पावसाळ्यांतील जवळजवळ सर्व रात्री खर्च केल्या, असें सांगितल्यास आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस आमच्या वयाची आठवण आम्हांस करून द्यावीशी वाटेल. घरांतल्या मंडळींनीं ती करून दिलीच आहे. परंतु या रिकामपणच्या उद्योगांत आमच्यापुढें एक प्रश्न असा येऊन उभा राहिला कीं, त्याचा निकाल आम्हांला अद्याप लावतां आलेला नाहीं. आणि तो केवळ खेळण्यांतल्या गाड्यांपुरता आहे असेंहि वाटत नाहीं. एखाद्या वस्तूची प्रतिकृति करावयाची म्हणजे इमान कोणाशीं राखावयाचें? त्या वस्तूशीं, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांशीं, कीं ती ज्याची होती त्या माणसाशीं?

मूळ हकीकत अशी. आमचे एक स्नेही १९७३ सालीं अमेरिकेंत मिशिगन राज्यांत यंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठीं गेले आणि पुढें बारा वर्षें तेथेंच राहिले. तेथें त्यांनीं घेतलेली पहिली गाडी म्हणजे प्लिमथ कंपनीची १९६८ सालची हिरवी ‘रोड रनर’. स्नेह्यांना पुण्यास परत येऊन पुष्कळ वर्षें झालीं. गाडी तर त्याच्याहि आधीं मोडींत गेली. गेल्या वैशाखांत बोलतां बोलतां ते म्हणाले, ‘‘तुम्ही ह्या चिमुकल्या मोटारी करतां, तशी माझी एक करून द्याल काय?’’ आम्हीं होय म्हटलें. होय म्हणतांना आपण काय कबूल करीत आहों याची आम्हांस कल्पना नव्हती.

ही ‘रोड रनर’ ज्या जातीची, त्या जातीला अमेरिकेंत ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. तालमीच्या भाषेंत सांगावयाचें तर ही दंडबैठका काढलेली गाडी. अंगलोट मध्यम, सामान्य कुटुंबाच्या गाडीची. पण बॉनेटखालीं मोठ्या गाडीसाठीं घडविलेलें आठ सिलिंडरांचें इंजिन. या जातीचा आरंभ सामान्यतः पाँटियाक कंपनीच्या १९६४ सालच्या ‘जी. टी. ओ.’पासून धरतात. पाँटियाकची मालक जी जनरल मोटर्स, तिचा नियम असा होता कीं, मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांपेक्षां मोठें इंजिन घालूं नये. जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी यांनीं ३८९ घन इंचांचें इंजिन ‘टेंपेस्ट’ गाडींत बसविलें, आणि ही नवी गाडी नसून जुन्याच गाडीवर ग्राहकानें वेगळे पैसे भरून मागून घ्यावयाचा जादा सरंजाम आहे, असें कागदोपत्रीं दाखविलें. नियम मोडावयाचा नाहीं आणि पाळावयाचाहि नाहीं, ही युक्ति आपल्याच कचेऱ्यांची मिरास आहे असा ज्यांचा समज असेल त्यांनीं तो सोडून द्यावा.

‘रोड रनर’ ही चार वर्षांनंतरची. तिचें सूत्र स्वस्ताई: तीन हजार डॉलरांच्या आंत किंमत, गालिच्याऐवजीं रबरी चटई, बसावयास साधें सलग बाक, आणि ३८३ घन इंचांचें इंजिन. गालिच्याचे पैसे वाचविणाऱ्या या कंपनीनें एका व्यंगपटांतील पक्ष्याचें नांव व चित्र वापरण्यासाठीं मात्र वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले, आणि त्या पक्ष्याच्या आवाजासारखा भोंगा गाडीला बसविला. पुढें विम्याचे वाढते दर, १९७० सालचा हवेच्या शुद्धतेचा कायदा आणि १९७३ चें तेलाचें संकट या तिघांनीं मिळून ही जात निकालांत काढली. आमच्या स्नेह्यांसारख्या विद्यार्थ्याला ती गाडी घेतां आली ती याच कारणानें. तेल पिणाऱ्या जुन्या गाड्या त्या हिंवाळ्यांत कोणालाच नको होत्या.

या गाड्यांच्या प्रतिकृतींचे संच मूळ गाड्यांच्याच मुलखांत जन्मास आले. ए. एम. टी. ही कंपनी १९४८ सालीं मिशिगनमध्येंच निघाली. प्रारंभीं ती मोटारविक्रेत्यांसाठीं नव्या गाड्यांचे लहान नमुने करीत असे, आणि पुढें तसलेच नमुने सुट्या भागांच्या रूपानें पेटींत भरून विकूं लागली. प्रमाण बहुधा पंचविसास एक. पेटी उघडली कीं प्लॅस्टिकच्या चौकटींना शेंगांसारखे लगडलेले शंभराच्या आसपास तुकडे हातीं येतात. ते कापून काढावयाचे, सांचाचे दोन भाग जेथें मिळतात तेथें राहिलेली बारीक कड घासून टाकावयाची, प्लॅस्टिक निवतांना पडलेले खळगे पुट्टीनें भरावयाचे, अस्तराचा रंग द्यावयाचा, तो घासावयाचा, मग खरा रंग. बंपरांना कारखान्यानेंच ॲल्युमिनियमची वाफ धरवून चकाकी आणलेली असते. पण खिडक्यांभोंवतालच्या रुपेरी पट्ट्या आपणच वर्खासारख्या पातळ पत्र्यानें मढवाव्या लागतात. मिठाईला वर्ख लावतांना ज्यांनीं श्वास रोखून धरला असेल त्यांना या कामाची कल्पना येईल.

सर्व कांहीं पंचविसाव्या हिश्शानें लहान केलें म्हणजे खरें होईल, असें आम्ही समजत होतों. तें तसें नाहीं. मोटारीवरील रंगाचा थर साधारण एकदशांश मिलिमीटर असतो. त्याचा पंचविसावा हिस्सा आमच्या कोणत्याहि फवाऱ्याला साधणार नाहीं. धातूचा चुरा मिसळलेला रंग खऱ्या गाडीवरचाच आणून लावला, तर प्रत्येक कण पंचवीसपट मोठा भासतो आणि गाडीवर कोणी अभ्रक उधळला आहे असें वाटतें. खिडकीची कांच एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकची; तीच मोठी करून पाहिली तर अडीच सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या पेढीच्या खिडकीला शोभेल अशी. रंग अगदीं त्याच छटेचा दिला तर लहान वस्तूवर तो अधिक गडद दिसतो, म्हणून कित्येक जाणते त्यांत थोडा पांढरा मिसळतात. आणि हें करावें कीं न करावें यावर त्यांच्यांत कडाक्याचे वाद आहेत. वजनाचा हिशेब तर मौजेचा. लांबी, रुंदी व उंची तिन्ही पंचविसांनीं भागलीं म्हणजे वजन १५,६२५ नीं भागलें पाहिजे; सोळासतराशें किलोंची गाडी शंभर-एकशेंदहा ग्रॅमांची झाली. एवढा एक आंकडा तेवढा आमच्या तराजूवर बिनतक्रार जुळला. एरव्हीं मापाला खरें राहावें तर डोळ्याला खोटें वाटतें, आणि डोळ्याला खरें वाटावें म्हणून मापाशीं खोटें वागावें लागतें.

प्लेटोनें ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागांत चित्रकाराला याच कारणासाठीं दोष दिला आहे. सुतार पलंग करतो ती पलंगाच्या मूळ कल्पनेची नक्कल, आणि चित्रकार करतो ती त्या नकलेच्याहि केवळ दिसण्याची नक्कल. आपल्याकडील विचार आम्हांस येथें अधिक उपयोगी वाटतो. नाट्यरसाची चर्चा करतांना श्रीशंकुकानें चित्रांतल्या घोड्याचा दाखला दिला. भिंतीवरील घोडा पाहून ‘हा घोडा’ असें जें ज्ञान आपल्याला होतें, तें खरें नव्हे, खोटें नव्हे, संशय नव्हे आणि नुसतें सादृश्याचेंहि नव्हे. या चारींहून तें निराळें आहे. अभिनवगुप्ताचे गुरु भट्टतौत यांनीं या अनुकरणवादाचे वाभाडे काढले हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि टेबलावरची अर्धवट गाडी पाहून आमच्या नातवानें ‘गाडी!’ म्हणून हात पुढें केला तेव्हां आम्हांला शंकुकच आठवला. तो हात गाडींत बसण्यासाठीं पुढें आलेला नव्हता. कोणी कोणाला फसविलें नव्हतें.

फसवणूक कोठें सुरू होते तें पाहावयाचें तर मूळ गाड्यांच्याच बाजारांत जावें. १९७१ सालच्या हेमी इंजिनाच्या, उघड्या टपाच्या ‘कुडा’ गाड्या डझनभरच निघाल्या असतील-नसतील. त्यांतील एक २०१४ सालीं ३५ लाख डॉलरांस गेली. जेथें इतका पैसा तेथें सोंगेंहि आलींच. १९६४ ची जी. टी. ओ. ही कागदोपत्रीं केवळ जादा सरंजाम असल्यामुळें गाडीवर ठोकलेल्या क्रमांकावरून ती ओळखूं येत नाहीं. साधी ‘लेमाँस’ घेऊन तिला तो सरंजाम चढविला कीं भल्याभल्यांची दृष्टि चुकते. अशा गाडीला ‘क्लोन’ म्हणतात. विकणारा तसें सांगून विकील तर ती हौस, न सांगतां विकील तर चोरी. गाडी तीच, खिळा न् खिळा तोच. मधें फरक एका वाक्याचा.

आमच्या वीतभर गाडीनें कोणी फसणार नाहीं. तेव्हां आमचें इमान येथें मोकळें झालें असें म्हणावें, तर तसेंहि होत नाहीं. इंजिनावर आठ स्पार्क प्लगांच्या तारा बसवावयाच्या होत्या. पेटींत त्या नव्हत्याच. जुन्या टेलिफोनची दोरी सोलून केसाएवढ्या तारा काढल्या. या इंजिनाचे सिलिंडर १-८-४-३-६-५-७-२ अशा क्रमानें पेटतात, म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावरून त्याच क्रमानें तारा निघाल्या पाहिजेत. एक चुकली, तेव्हां आठहि उपटल्या आणि पुन्हां लावल्या. बॉनेट उघडतें खरें, पण उघडून तो क्रम मोजील असा मनुष्य आमच्या परिचयांत नाहीं. ‘‘हें कोण पाहणार?’’ असा प्रश्न घरांतून आला. आमची आई दुसऱ्या कोणाचें भरतकाम पाहावयास मिळालें कीं आधीं कापड उलटें करी. सुलट्या बाजूच्या फुलांपेक्षां उलट्या बाजूच्या गांठींवरून ती बाईची पारख करी. तिचें स्मरण झालें म्हणून तारा नीट लावल्या, असें म्हणावयास आम्हांला आवडेल. परंतु त्यांत अहंकाराचा भाग किती होता तें आम्ही सांगूं शकत नाहीं. प्रतिकृतींच्या प्रदर्शनांत गाडीखालीं आरसा ठेवण्याची चाल आहे, म्हणजे पोटाखालीं केलेलें कामहि परीक्षकांना दिसावें. जें काम कोणी पाहणार नाहीं म्हणून थोर, त्याच्याखालीं आरसा धरला कीं त्याचें थोरपण किती उरतें?

याहून बिकट प्रश्न दोषांचा. मूळ गाड्या निर्दोष होत्या अशी आमची समजूत होती. वस्तुतः कारखान्यांतील चालता पट्टा गाड्या एकसारख्या पुढें ढकलीत असे. त्या घाईंत दार व मडगार्ड यांच्यामधली फट कोठें रुंद, कोठें अरुंद राही, रंगाला ओघळ येत, बाजूंवर मारलेला फवारा गाडीच्या पोटाखालीं अस्तरावर धुक्यासारखा पसरे. हा बोल्ट आवळला, हा सांधा तपासला, याची खूण म्हणून कामगार खडूनें किंवा रंगानें रेघा ओढीत. पुढें या गाड्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांनीं आधीं हें सर्व दुरुस्त केलें. गाड्या कारखान्यांतून निघाल्या त्याहून सुंदर झाल्या. मग कांहीं चोखंदळांच्या लक्षांत आलें कीं, अशी गाडी तर कधीं अस्तित्वांतच नव्हती. तेव्हांपासून उत्तम जीर्णोद्धारांत पोटाखालचें धुकें आणि खडूच्या रेघा पुन्हां जागच्या जागीं काढूं लागले, आणि प्रतिकृति करणाऱ्यांनीं त्यांचा कित्ता गिरविला. आम्हींहि एक रेघ ओढली. कामगाराच्या रेघेचा अर्थ ‘मीं बोल्ट आवळला’ असा होता. आमच्या रेघेखालीं बोल्टच नव्हता, प्लॅस्टिकचा एक उंचवटा होता. रंगाच्या ओघळाची तर फजितीच झाली. नको असतांना जो आजवर शेंकडों वेळां आला, तो मुद्दाम आणूं गेलों तेव्हां चार वेळां प्रयत्न करूनहि मुद्दाम आणल्यासारखाच दिसे. अखेर तो नाद सोडला. चुकून झालेला दोष समजून उमजून केला म्हणजे तो दोष राहत नाहीं, ती कारागिरी होते. आणि पाहणारा मग त्या कारागिरीकडेच पाहत बसतो.

वापरानें आलेल्या खुणांची गोष्ट वेगळी, असें आम्हांस तेव्हां वाटत होतें. १९६८ सालच्या ‘बुलिट’ या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्वीन यांनीं चालविलेली मस्टँग गाडी पुढें एका कुटुंबाच्या घरीं अनेक वर्षें होती. २०२० च्या जानेवारींत तिचा लिलांव झाला तेव्हां ती रंगवून ठाकठीक करून आणलेली नव्हती. रंग उडालेला, गंज चढलेला, चित्रीकरणाच्या वेळच्या खुणा तशाच. आणि तिला सुमारें ३७ लाख डॉलर आले. तो गंज पुसला असता तर गाडीची साक्षच पुसली गेली असती, हें आम्हांला सरळ पटलें होतें.

आमची गाडी गणपतीच्या आधीं तयार झाली. हिरवा रंग तीन हातांचा, घासून आरशासारखा केलेला. दारावर पक्ष्याचें इवलेंसें चित्र. स्नेह्यांकडे नेऊन टेबलावर ठेविली. त्यांनीं चष्मा बदलला, गाडी उचलून सर्व बाजूंनीं पाहिली, ‘‘सुरेख झाली आहे हो’’ असें म्हटलें, आणि पावसाविषयीं बोलूं लागले. एवढ्या रात्रींचें हें फळ आम्हांस अंमळ कडू लागलें. चहा झाल्यावर ते जिन्यापर्यंत पोंचवावयास आले, आणि तेथें जरा घुटमळून म्हणाले, ‘‘माझ्या गाडीचें उजवें मडगार्ड पांढरें होतें.’’

१९७५ च्या जानेवारींत बर्फावरून घसरून ती गाडी एका खांबावर आदळली होती. कोणास इजा झाली नाहीं. मोडींत काढलेल्या गाड्यांच्या आवारांत त्याच नमुन्याचें मडगार्ड मिळालें, तें एका पांढऱ्या गाडीचें होतें. तें बसविलें, रंगविण्यास त्या महिन्यांत पैसे नव्हते, कारण धाकट्या बहिणीचें लग्न ठरलें होतें आणि घरीं रक्कम पाठवावयाची होती. पुढच्या महिन्यांतहि नव्हते. मग तें राहिलें तें राहिलेंच. ती हिरवी गाडी एका पांढऱ्या मडगार्डानें आणखी पांच वर्षें मिशिगनच्या रस्त्यांवर हिंडली. बर्फ वितळावा म्हणून तेथें रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानें ती तळापासून खाल्ली गेली, आणि १९८० सालीं मोडींत निघाली.

गाडी आम्हीं परत आणली. बाकीच्या भागाला कागद व चिकटपट्टी लावून तेवढें उजवें मडगार्ड उघडें ठेविलें आणि त्यावर पांढरा फवारा मारला. इतकें सोपें काम त्या साऱ्या पावसाळ्यांत दुसरें नव्हतें, आणि इतकें जिवावर आलेलेंहि नव्हतें. दुसऱ्यांदा गाडी नेली तेव्हां मात्र स्नेही पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहत बसले. बहिणीच्या लग्नाचें सांगितलें, पहिल्या हिंवाळ्याचें सांगितलें, भोंग्याचा आवाजसुद्धां तोंडानें काढून दाखविला. आम्ही मनांत म्हणालों, प्रश्न सुटला. जिची गाडी त्याच्याशीं इमान राखावें, म्हणजे झालें.

तेवढ्यांत वहिनी बाहेर आल्या. त्यांनीं गाडी पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हें कशाला हो केलंत?’’

त्या १९७६ सालीं लग्न होऊन तिकडे गेल्या. अमेरिकेंत गाडी हांकणारा डावीकडे बसतो, म्हणून शेजारच्या माणसाला उजव्या दारानें उतरावें लागतें. शनिवार-रविवारीं तेथील मराठी कुटुंबें कोणाच्या तरी घरीं जमत, आणि दारांत उभ्या असलेल्या मंडळींसमोर वहिनींना नेमकें त्या पांढऱ्या मडगार्डापाशीं उतरावें लागे. ‘‘यांना त्याचं कौतुक आहे. मला ती सगळ्या रांगेंतली एकटी ठिगळाची गाडी आठवते. हौसेनं का आम्ही ती तशी ठेवली होती? इतकी मेहनत घेतलीत, तर निदान इथं तरी ती धड असूं द्या. हिरवी करून टाका.’’ स्नेही कांहीं बोलले नाहींत.

आतां येथें शंकुक उपयोगी पडत नाहीं, आणि मस्टँगचा दाखला तर आमच्यावरच उलटतो. गंजाची थोरवी गाणारे बहुधा त्या गाडींतून चार लोकांसमोर उतरलेले नसतात. स्नेही ज्याला आपल्या कष्टांची साक्ष समजतात, त्याच कष्टांची खूण वहिनींनीं पांच वर्षें लोकांच्या नजरेंत पाहिली आहे. आणि पैसे न पुरल्याची झळ ज्या संसाराला लागली तो दोघांचाहि होता. गाडी ‘ज्याची होती’ असें आम्हीं प्रारंभीं लिहिलें, तेथें आम्हीं एकच माणूस गृहीत धरला होता. बरें, हिरवी केली म्हणून फसवणूक होते असेंहि नाहीं. त्या घरांत सत्य दोघांनाहि ठाऊक आहे. क्लोन आणि चोरी यांच्यामधलें तें एक वाक्य जिन्याशीं उच्चारून झालेलें आहे. मग पांढऱ्याचा आग्रह आम्ही कां धरावा? आणि न धरावा, तर स्नेह्यांनीं मागितलेली गाडी आम्हीं त्यांना दिली असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

पुरावा तरी पाहावा म्हणून आम्हीं त्या गाडीचें छायाचित्र मागितलें. एकच निघालें. १९७७ सालचें, पुण्यास सासूबाईंकडे पाठविलेलें आणि त्यांच्यामागून परत आलेलें. वहिनी शालू नेसून गाडीला टेकून उभ्या आहेत, मागें बर्फ आहे, आणि गाडी हिरवीगार दिसते. छायाचित्र डाव्या बाजूनें घेतलेलें आहे. कोणत्या बाजूनें घ्यावयाचें तें वहिनींनींच ठरविलें होतें. आणि कॅमेरा स्नेह्यांच्या हातांत होता.

गाडी सध्यां आमच्याच टेबलावर आहे. हिरव्या रंगाची बाटली आणून ठेविली आहे. छटा तीच मिळाली. परवां वहिनींचा फोन आला होता. गाडीचें काय झालें हें त्यांनीं विचारलें नाहीं. दिवाळीला सहकुटुंब फराळास यावें एवढेंच सांगितलें. मग फोन स्नेह्यांनीं घेतला, त्यांनींहि विचारलें नाहीं. दिवाळीस अजून अकरा दिवस आहेत, आणि हा रंग पुरता वाळावयास आठ लागतात.